ओढून काढलेल्या ट्रकची चेसिस: सरळ कशी करायची, आधार कुठे द्यायचा

जुलै-ऑगस्टमध्ये वऱ्हाडातल्या काळ्या रानात ट्रक फसणं काही नवं नाही. खताची गाडी पांदणीत उतरते, चाकं रिमपर्यंत बसतात, मग जेसीबी, दोन ट्रॅक्टर नाहीतर विंच (रोप गुंडाळत ओढणारं यंत्र) लावलेली गाडी येते. वायररोप जिथं अडकेल तिथं अडकवतात आणि ओढतात. ट्रक निघतो, सगळे घरी जातात. चेसिसचं, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचं, काय झालं ते दिवाळीनंतर कापूस भरायला लागल्यावर कळतं. स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, पुढचा टायर आतून घासतो, केबिनचं दार उचलून लावावं लागतं.

यावर गावोगावच्या वर्कशॉपमध्ये एक ठरलेलं औषध आहे: "दहाची पट्टी मारून देतो भाऊ, मंग पाहाच लागत नाही." दहाची म्हणजे दहा मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी. माझा सगळा विरोध या एका वाक्याला आहे. वाकलेल्या चेसिसवर जाड पट्टी चौफेर वेल्ड केली की वाक कायमचा होतो आणि पुढचा तडा पट्टीच्या टोकाशी जातो. क्रम असा पाहिजे: आधी मोजायचं, मग सरळ करायचं, मग तडा भरायचा आणि सगळ्यात शेवटी पट्टी. ती पट्टीही जाड नव्हे, तर लांब आणि निमुळती.

एवढा जोर येतो कुठून

लष्करी रिकव्हरीत एक सोपा हिशेब शिकवतात. गाडी चाकांच्या खोलीपर्यंत रुतली असेल तर तिला हलवायला जवळपास तिच्या वजनाएवढा ओढ लागतो. मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, केबिनपर्यंत गेली तर तिप्पट. म्हणजे मालासकट १२ टनांची गाडी मडगार्डपर्यंत बसली असेल तर २४ टनांची गोष्ट चालली आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला, एक्सलला चिकटून धरते. या हिशेबात आपल्याकडे सूट मिळेल अशी आशा धरू नका.

गाडीला स्वतःचा विंच असेल तर आणखी एक घोटाळा होतो. रोप झाडाला बांधलेल्या पुलीतून फिरवून परत आपल्याच गाडीच्या हुकाला लावला की ओढ दुप्पट होतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तो दुप्पट ओढ आपल्याच चेसिसच्या पुढच्या टोकांवर बसतो, हे कुणी सांगत नाही. विंचवर पाच टन लिहिलंय म्हणून चेसिसला पाचच टन बसले असं होत नाही.

दिशाही तितकीच महत्त्वाची. ट्रकची चेसिस म्हणजे सी आकाराचे दोन लांब चॅनल आणि त्यांना जोडणारे क्रॉस मेंबर. चॅनलची उभी बाजू आणि वर-खाली दुमडलेल्या दोन फ्लँज मिळून उभं वजन झकास पेलतात. पण बाजूनं ढकललं किंवा पीळ दिला की हाच चॅनल फार कमजोर पडतो. बांधावरच्या बाभळीला रोप बांधून गाडी तिरकी ओढली की समोरचं टोक बाजूला वळतं. एकाच हुकाला ओढलं तर एक चॅनल पुढे सरकतो, दुसरा मागे राहतो. आणि ट्रॅक्टरवाल्यानं रोप ढिला सोडून झटका दिला असेल तर वरचे सगळे आकडे सोडून द्या.

कुठं बघायचं

गाडी आधी प्रेशरनं धुऊन घ्या. वाळलेल्या काळ्या मातीखाली काहीच दिसत नाही. मग या जागा क्रमानं बघा: टो हूक किंवा टो पिनचे बोल्ट, पहिला क्रॉस मेंबर, कमानीच्या पाट्यांचा पुढचा हँगर (पाटा चेसिसला जिथं टांगतात तो ब्रॅकेट) आणि त्याच्या लगेच मागचा भाग, स्टेअरिंग बॉक्स जिथं चेसिसला बसतो ती जागा, केबिनच्या मागे जिथं बॉडी सुरू होते तो टप्पा आणि मागून ओढली असेल तर शेवटचा क्रॉस मेंबर. रोप किंवा साखळी थेट चॅनलला गुंडाळली असेल तर खालच्या फ्लँजच्या काठावर चेपलेली खूण असतेच. ती छोटी दिसली तरी तडा पुढे तिथूनच सुरू होतो.

रिव्हेटकडे नीट लक्ष द्या. हातोडीनं हलकेच ठोका मारला की घट्ट रिव्हेटचा आवाज खणखणीत येतो, ढिल्याचा भद्द. ढिल्या रिव्हेटच्या डोक्याभोवती लालसर बारीक भुकटी जमते. दोन पत्रे एकमेकांवर घासून निघालेला तो गंज असतो. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि तिच्यातून गंजाचा ओघळ उतरलेला असेल तर तो तडा आहे असं धरूनच पुढे जा.

खात्री करायला डाय-पेनिट्रंट किट (रंगानं तडा दाखवणारं) घ्या, तीन स्प्रेचे डबे असतात. जागा घासून रंग काढा, क्लीनरनं पुसा, लाल डाय मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा. मग कापडानं वरचा डाय पुसून पांढरा डेव्हलपर मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते आणि तिचं खरं टोक कळतं. डोळ्याला दिसणाऱ्या टोकाच्या पुढेही ती बरेचदा गेलेली असते. क्लीनर थेट जागेवर फवारून डाय पुसू नका, तड्यातला डायही धुऊन निघतो.

इथं एक निर्णय घ्यायचा असतो. चॅनलला हलका वाक असेल, तडा उभ्या बाजूत असेल किंवा क्रॉस मेंबर वाकला असेल तर काम गावपातळीवर होऊ शकतं, वेल्डर चांगला पाहिजे एवढंच. खालच्या फ्लँजला सुरकुती पडून घडी बसली असेल, तडा फ्लँज ओलांडून उभ्या बाजूत चढला असेल किंवा स्टेअरिंग बॉक्सच्या जागेवरच असेल, तर गाडी नागपूर-अमरावतीच्या चेसिस दुरुस्ती करणाऱ्या मोठ्या वर्कशॉपमध्ये न्या. चेसिसवर हीट-ट्रीटेड स्टीलची सूचना असेल तर गॅस आणि वेल्डिंग दोन्ही बंद. असं पोलाद तापलं की त्याची ताकद जाते आणि ती परत आणता येत नाही.

विमा क्लेम करायचा असेल तर हात लावायच्या आधी फोटो काढा, कंपनीला कळवा, सर्व्हेअर येऊन जाऊ द्या.

फरशीवर उतरवलेली चेसिस

या कामात सगळ्यात जास्त वेळ मोजण्याला द्या. लेसर मशीन नसलं तरी ओळंबा, खडू, दोरी आणि स्टीलचा टेप एवढ्यावर चांगलं माप निघतं. गाडी रिकामी करा. सपाट, पक्की फरशी शोधा. जिनिंग बंद असताना तिथली किंवा धान्य गोदामाची फरशी उत्तम. सगळ्या टायरांत सारखी हवा भरा.

दोन्ही चॅनलवर जोडीनं असणारे बिंदू निवडा: पुढच्या हँगरची पिन, मागच्या हँगरची पिन, प्रत्येक क्रॉस मेंबरचा एक ठरावीक बोल्ट. एकाच बाजूला असलेली भोकं घेऊ नका. स्टेअरिंग बॉक्स, एअर टँक यांच्यासाठी कंपनी एकाच चॅनलला भोकं पाडते. प्रत्येक बिंदूवरून ओळंबा सोडा, तो थांबू द्या, टोकाखाली खडूनं बारीक फुली मारा. मग गाडी बाजूला घ्या. फरशीवर फुल्यांच्या दोन रांगा उरतात, हीच तुमची चेसिस. आता तिच्याखाली न सरपटता उभं राहून मोजता येतं.

पुढच्या जोडीपासून मागच्या जोडीपर्यंत प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे असतील तर चौकट काटकोनात आहे. एक कर्ण लांब भरला तर एक चॅनल पुढे ओढला गेलाय. जोड्यांचे मध्यबिंदू काढून पुढून मागे दोरी ताणा. मध्यबिंदू दोरी सोडून एका बाजूला गेले तर चेसिस बाजूला वाकलीय. उभा वाक आणि पीळ बघायला गाडी परत जागेवर आणा. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन दोन्ही चॅनलच्या वरच्या फ्लँजची उंची चारही कोपऱ्यांत तपासा. कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा अंतिम. तो हाताशी नसेल तर कर्णातला फरक ३ मिलिमीटरच्या आत आणायचा. सगळी मापं वहीत लिहा, दुरुस्तीनंतर हीच परत घ्यायची आहेत.

सरळ करताना

गाडी पक्क्या स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या चेसिसखाली कुणीही जायचं नाही, मालकसुद्धा.

नियम असा की जे शेवटी वाकलं ते आधी काढायचं, आणि ओढ बसला त्याच्या बरोबर उलट दिशेनं. हायड्रॉलिक जॅक एका चॅनलवरून दुसऱ्या चॅनलला टेकवून दाबू नका, चांगला चॅनल वाकेल. वाकलेल्या चॅनलच्या बाजूनं जाड गर्डर लावा, त्याची दोन टोकं साखळीनं चॅनलला धरा आणि मधल्या जागेत जॅक टाका. जोर उभ्या बाजूवर आला पाहिजे. फ्लँजच्या काठावर साखळी येत असेल तिथं जाड लाकूड किंवा पत्र्याचा तुकडा द्या. क्रॉस मेंबरच अडवत असेल तर त्याचे बोल्ट काढून तो मोकळा करा.

थंड अवस्थेतच सरळ करायचं. पोलाद थोडं मागे येतं, म्हणून दोन-चार मिलिमीटर पुढे दाबा, जॅक सोडा, मोजा, परत दाबा. या कामाला अर्धा दिवस लागतो आणि तो लागू द्या. गॅस कटरनं लाल करून हातोडा मारला की काम पाच मिनिटांत होतं. पण तापवलेली जागा मऊ पडते आणि पहिल्या भरलेल्या खेपेत परत बसते. गरम लोखंडावर पाणी ओतणारा मिस्त्री दिसला तर गाडी घेऊन निघा.

तडा भरणं

वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि अल्टरनेटरची जोडणी काढा. कॉमन रेल किंवा बीएस ६ गाडी असेल तर ईसीयूचे (इंजिनाच्या कंप्युटरचे) कनेक्टरही काढा. डिझेल टाकी, एअरचे नायलॉन पाइप आणि वायरिंग त्या जागेवरून हटवा. पाट्यांवर ओलं पोतं टाका. ठिणगी पडलेला पाटा त्याच डागापासून मोडतो. अर्थचा क्लँप वेल्डच्या अगदी जवळ, घासलेल्या लोखंडावर लावा. तो चाकाला किंवा पाट्याला लावला तर करंट बेअरिंगमधून फिरतो.

तड्याच्या खऱ्या टोकाच्या थोडं पुढे ५-६ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे तडा तिथं थांबतो. मग ग्राइंडरनं तड्याच्या पूर्ण लांबीवर व्ही आकाराची खाच काढा, पत्र्याच्या तळापर्यंत. तडा न कोरता वरून फासलेलं वेल्ड म्हणजे फक्त झाकण.

आता इलेक्ट्रोड, म्हणजे वेल्डिंगची कांडी. आपल्याकडे गेट-खिडक्यांसाठी वापरतात तो ६०१३ इथं नको. ७०१८ लागतो, म्हणजे लो-हायड्रोजन. याची अडचण ओलाव्याची. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ हवेतली ओल पितो आणि वेल्डच्या बाजूला आतून बारीक तडे पडतात. पाकीट सीलबंद घ्या. उघडं राहिलेलं असेल तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण २५० ते ३५० अंशांवर एक-दोन तास भाजून घ्या आणि तीन-चार तासांत वापरा. इलेक्ट्रोड ओव्हन नसलेल्या वेल्डरनं कामापुरतं छोटं नवं पाकीट फोडणं बरं. ७०१८ डीसीवर, इलेक्ट्रोड पॉझिटिव्हला ठेवून उत्तम चालतो. जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरवर आर्क तुटत राहतो, त्यात गावातलं व्होल्टेज संध्याकाळी पडतंच. इन्व्हर्टर मशीन आणि बरा जनरेटर भाड्यानं आणा. ३.१५ मिलिमीटरच्या कांडीला ९० ते १४० अँपिअर लागतो.

थर बारीक ठेवा, प्रत्येक थरानंतर स्लॅग (वेल्डवरची काळी पापडी) पूर्ण काढा. मागच्या बाजूनं वेल्डचं मूळ कोरून तिकडूनही एक थर द्या. जागा आपोआप थंड होऊ द्या. मग दोन्ही बाजूंनी वेल्ड पत्र्याच्या पातळीला घासा, पण ग्राइंडरच्या रेघा चॅनलच्या लांबीच्या दिशेनं पडल्या पाहिजेत. आडव्या रेघांतून नवा तडा निघतो. शेवटी डाय परत मारून बघा.

पट्टी

फावड्याचा दांडा मोडतो तेव्हा जिथं लोखंडात शिरतो तिथंच मोडतो. चेसिसचंही तेच. लवचिक भाग जिथं अचानक ताठ होतो तिथं सगळा ताण गोळा होतो. ट्रकची चेसिस खड्ड्यात थोडी पिळली पाहिजे, तशीच ती बनवलेली असते. दहाची पट्टी चौकोनी कापून लावली की पट्टीखालचा भाग हलत नाही आणि तिच्या काठाशी चॅनल रोज वाकत राहतो.

म्हणून पट्टीची जाडी चॅनलएवढी किंवा त्याहून किंचित कमी. चॅनल ६ मिलिमीटरचा असेल तर पट्टी ५ किंवा ६, त्याहून जास्त नाही. पोलाद शक्यतो चेसिसच्याच जातीचं घ्या. भंगारातल्या ट्रकच्या सरळ, न गंजलेल्या, न तापवलेल्या चेसिसचा तुकडा मिळाला तर तो बाजारातल्या एमएस पट्टीपेक्षा बरा. लांबी तड्याच्या दोन्ही बाजूंना किमान चॅनलच्या उंचीएवढी, जागा असेल तर दुप्पट. दोन्ही टोकं ४५ अंशांत किंवा त्याहून निमुळती कापा आणि कोपरे गोल करा. पट्टीचं टोक हँगर किंवा क्रॉस मेंबरच्या अगदी जवळ संपवू नका. त्या जागेपासून दूर थांबा किंवा ती ओलांडून पुढे जा. आतून-बाहेरून दोन्हीकडे पट्टी देत असाल तर त्यांची टोकं एका रेषेत आणू नका. तडा एकाच चॅनलला असला तरी दोन्ही चॅनलना सारखीच पट्टी द्या, नाहीतर गाडी एका बाजूनं ताठ होते.

पट्टी आतून बसवताना एक बारीक गोष्ट हमखास चुकते. सी चॅनलच्या आतल्या कोपऱ्याला गोलाई असते. काटकोनी काठाची पट्टी त्या गोलाईवर चढून बसते, उभ्या बाजूला टेकतच नाही. बोल्ट आवळले की चॅनलच बाहेर फुगतो. पट्टीचे वरखालचे काठ घासून उतरते करा आणि मागे पातळ कागद सरकवून बघा. कागद कुठंच आत जाता कामा नये.

जोडायचं बोल्टनं. भोकं फक्त उभ्या बाजूत. फ्लँजमध्ये एकही भोक नाही आणि फ्लँजवर आडवं वेल्ड तर कधीच नाही. सगळा ताण तिथंच असतो. भोकाचा मध्य फ्लँजच्या बाहेरच्या तोंडापासून ४०-५० मिलिमीटर आत घ्या आणि भोकं एका उभ्या ओळीत न घेता नागमोडी घ्या. पट्टी क्लँपनं दाबून दोन्ही पत्र्यांतून एकदमच ड्रिल करा, मग रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) फिरवा, म्हणजे बोल्ट भोकात खुळखुळत नाही. भोकं गॅसनं पाडू नका. जुने रिव्हेट काढतानाही डोकं घासून, मधून ड्रिल मारून पंचानं काढा. त्या जागी १०.९ ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट टाका. त्यांचा आटा नसलेला भाग पत्र्यांत यायला हवा, खाली कडक वॉशर आणि वर लॉक नट. १२ मिलिमीटरचा १०.९ ग्रेडचा बोल्ट टॉर्क रेंचनं साधारण ११५ न्यूटन-मीटरला आवळा, ८.८ ग्रेड असेल तर ८० ला.

बसवायच्या आधी दोन्ही पृष्ठभागांवर झिंक प्रायमर आणि बसवल्यावर वरच्या काठावर सीलंट. खताची वाहतूक करणाऱ्या गाडीत हे टाळू नका. सांडलेलं खत आणि ओल दोन पत्र्यांच्या फटीत शिरली की गंज फुगून बोल्टसुद्धा ताणतो.

पुढच्या वेळी ओढायची जागा

बंपरला, एक्सलला, पाट्याला हूक लावायचा नाही हे आता सांगावं लागू नये. दोन्ही चॅनलच्या टोकांना, उभ्या बाजूवर बोल्ट केलेले टो हूक हवेत आणि त्यांचे ब्रॅकेट पुढच्या हँगरच्या मागेपर्यंत नेलेले हवेत. विंच बसवायचा असेल तर त्याची प्लेट याच दोन ब्रॅकेटमध्ये बांधा, नुसत्या पहिल्या क्रॉस मेंबरवर नको.

दोन हुकांना व्ही आकारात पट्टा लावून ओढा. पट्टा लांब घ्या. दोन फाट्यांमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक फाट्यावर ओढीचे ५८ टक्के येतात. कोन १२० झाला की प्रत्येकावर पूर्ण १०० टक्के. शिवाय आखूड पट्टा दोन्ही टोकांना आत चेपतो: १२० अंशांना हा आडवा जोर ओढीच्या ८७ टक्के, ६० ला २९ टक्के. म्हणून दोन टो हुकांच्या मध्ये जाड पाइपचा आडवा आधार बोल्ट करून ठेवावा. या सगळ्या मजबुतीकरणात पैसा सर्वांत चांगला इथं लागतो.

ओढायच्या आधी अर्धा तास फावडं चालवा. चाकासमोरची आणि एक्सलखालची माती काढा, माल उतरवा, चाकाखाली पऱ्हाटी-तुराट्यांचे भारे दाबून भरा. हा अर्धा तास कित्येक टन वाचवतो. ताणलेल्या रोपावर ओली पोती टाका आणि रोपाच्या लांबीएवढ्या अंतरात माणूस उभा राहू देऊ नका.

रस्त्यावर आणताना

चेसिस नंबर ज्या जागेवर कोरलेला असतो तिथं ग्राइंडर, वेल्ड, पट्टी किंवा जाड रंग काहीच नको. आरटीओच्या फिटनेस तपासणीत तो वाचता आला पाहिजे, नाहीतर चांगल्या दुरुस्तीचाही संशय होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी बुकातल्या नोंदींशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. व्हीलबेस तोच राहील हे बघा, चेसिस लांबवायचा मोह टाळा. वर्कशॉपचं बिल आणि आधी-नंतरचे फोटो कागदांत ठेवा.

व्हील अलाइनमेंट करून घ्या. स्टेअरिंग बॉक्सचे बोल्ट, ब्रेकचे पाइप, केबिनची माउंटिंग आणि प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग तपासा. पहिली खेप अर्ध्या मालाची आणि डांबरी रस्त्यावरची. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचनं परत तपासा आणि पट्टीची चारही निमुळती टोकं धुऊन, बॅटरीच्या उजेडात बघा. तिथं रंगाला केसाएवढीही रेघ गेली असेल तर गाडी रिकामी करून उभी करा आणि डाय मारल्याशिवाय हलवू नका.